माझ्या पायाखालचा ब्रेक

सोमवार, ३ मार्च, सकाळी

आज सहासष्ट पूर्ण. आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचणार नाही, त्यामुळे इथे मोठेपणा मिरवायचं कारण नाही. जे आहे तेच लिहायचं. मी या शहरातला सर्वोत्तम ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर आहे.

काल क्लासच्या गाडीला मागून व्हॅनने ठोकलं. चूक शंभर टक्के व्हॅनवाल्याची. झालं असं, की एक स्कूटर आडवी आली. शिकणाऱ्या पोराने ब्रेक मारला. स्कूटर निघून गेली, पोराने गाडी पुढे काढली, आणि तेव्हा मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. कचकन. स्कूटर गेली म्हणजे धोका गेला असं थोडंच आहे? पण एवढी अक्कल असती तर तो व्हॅन कशाला चालवत बसला असता!

जानेवारीत टेम्पोने ठोकलं, तेही असंच. लोकांना अंतर ठेवायला नको.

रात्री जेवताना चिरंजीवांनी विषय काढला. म्हणे बाबा, तुमचा ब्रेक म्हणजे वरातीमागून घोडं झालंय. मी म्हटलं, याच घोड्याच्या जिवावर तू लहानाचा मोठा झालास.  क्लासचं ऑफिस आता तो बघतो, म्हणून त्याला वाटतं गाडीतलंही कळतं.

शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक शेजारी बसलेल्या माझ्या. पहिल्याने शिकायचं, दुसऱ्याने जगायचं. अडतीस वर्षं हा दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली आहे, आणि अडतीस वर्षांत माझ्या गाडीत कुणी मेलेलं नाही. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय हवं?

संकल्प: २० मेला छकुली अठरा वर्षांची होते. ती तीन वर्षांची असताना मांडीवर बसवून तिला स्टिअरिंग धरायला दिलं होतं, तेव्हाच वचन दिलंय की गाडी मीच शिकवणार. (छकुली हे नाव तिला आता आवडत नाही. मला आवडतं.) चिरंजीव म्हणतात, बघू. बघू म्हणजे काय? नातीला आजोबाने शिकवायचं नाही तर कुणी?


मंगळवार, ४ मार्च

गाडी गॅरेजला. मागचा चेपलेला पत्रा सरळ करायचा आहे. चिरंजीव स्वतः घेऊन गेले. मी येतो म्हटलं तर नको म्हणाले. बापाची काळजी आहे पोराला.


शनिवार, ८ मार्च

गाडी परत आली. मिस्त्री स्वतः सोडायला आला. पत्रा झकास. माझं पेडल दाबून बघितलं तर एकदम हलकं, लोण्यात बोट घातल्यासारखं. मी विचारलं, हे काय केलंस? म्हणाला, जरा ऑइलिंग केलंय. असं कधी न सांगता करत नाही. बोलताना माझ्याकडे बघत नव्हता, बुटांकडे बघत होता. वय झालं बिचाऱ्याचं. पण काम चांगलं केलंय. आता पेडल माझ्या वेगाचं झालं.


सोमवार, १० मार्च

चमत्कार. बँकेतल्या बाईंचा तास होता. बाई पन्नाशीच्या, हात कायम घामेजलेले. शाळेच्या कोपऱ्यावर कुत्रं आडवं आलं. मी पाय टाकला आणि गाडी जागच्या जागी उभी. कुत्र्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. बाई पांढऱ्याफटक. मी म्हटलं, घाबरू नका, मी आहे. त्या म्हणाल्या, हो सर, आहात. आणि घळाघळा रडल्या. कृतज्ञता.

घरी आल्यावर सगळं सांगितलं. चिरंजीव पाणी पीत होते, ठसका लागला.


बुधवार, १२ मार्च

डोळ्यांच्या दवाखान्यात एक पत्रक चिकटवलेलं दिसलं. वय आणि प्रतिक्रियेचा वेग यावर विद्यापीठात प्रयोग चालू आहेत, साठीच्या पुढची माणसं हवी आहेत. मेंदूचे फोटोही काढतात. लगेच फोन केला. आता विज्ञानच सांगेल. हातच्या काकणाला आरसा कशाला, पण चिरंजीवांसाठी आरसाही आणतो.

ही म्हणाली, अहो, कशाला उगाच. मी म्हटलं, तुला नेलं तर मशीन बंद पडेल, तुझा मेंदू साबणाच्या वडीसारखा झिजलाय. परवा दूध गॅसवर ठेवून बाल्कनीत गेली होती. (गॅस मी बंद केला. म्हणजे दूध उतू गेल्यावर. पण केला.)


मंगळवार, १८ मार्च

विद्यापीठात जाऊन आलो. एक संशोधक मुलगी आहे, बावीस-तेवीसची, चष्मेवाली, फार गोड बोलते. समोर पडदा, हातात बटण. हिरवा दिवा लागला की दाबायचं, लाल लागला की नाही. पोरखेळ.

मी दिवा लागायच्या आतच दाबत होतो. मुलगी म्हणाली, काका, हे धरता येत नाही. मी समजावलं, बाळ, खरा ड्रायव्हर दिव्याची वाट बघत नाही, त्याला कळतं. ती म्हणाली, हो, पण लाल दिव्यालाही तुम्ही प्रत्येक वेळी दाबलंत. आता अडतीस वर्षं लाल दिवा दिसला की माझा पाय ब्रेक दाबतोच. सवय आहे. प्रयोगच चुकीचा बेतलाय, हे मी तिला लिहून द्यायला तयार आहे.

शेजारच्या खोलीत एक कॉलेजचं पोरगं तोंडात च्युइंगगम घोळवत तेच करत होतं. कसलं तेज नाही चेहऱ्यावर.


गुरुवार, २० मार्च

घरी पट्टीचा प्रयोग. विद्यापीठातल्या मुलीनेच सांगितला होता. एकाने पट्टी उभी धरायची आणि अचानक सोडायची, दुसऱ्याने दोन बोटांत पकडायची. आधी मी सोडली, हिने पकडली. पुन्हा सोडली, पुन्हा पकडली. हसत होती. मग हिने सोडली. पट्टी जमिनीवर. प्लॅस्टिकची पट्टी गुळगुळीत असते. लाकडी आणली. जमिनीवर. लाकडी जड असते, जोरात पडते. स्टीलची आणली. ती पायाच्या अंगठ्यावर.

हिने मग पद्धत बदलली. डोळे मोठे करून, सोडते हं, असं म्हणून सोडायला लागली. झटक्यात पकडली! पाचच्या पाच वेळा. सरावाचा हा फायदा. हिला म्हटलं, बघ, मी एका दिवसात सुधारलो, तुझं तेवढंच राहिलं.


शनिवार, २२ मार्च

अक्रोड सुरू. शब्दकोडं सुरू. डाव्या हाताने दात घासणं सुरू. हिरड्यांतून रक्त.

छकुलीने मोबाईलवर एक गेम टाकून दिला. बेडूक डोकं वर काढतो, त्याला टपली मारायची. सगळे बेडूक मारले. स्क्रीनवर फुगे उडाले, टाळ्या वाजल्या. कोपऱ्यात वय ४ ते ७ असं काहीतरी लिहिलंय. व्हर्जन नंबर असावा.


मंगळवार, १ एप्रिल

आज चहाच्या दुकानात बसवाला भेटला. तीस वर्षं बस चालवली, म्हणून सगळे त्याला बसवाला म्हणतात. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बातमी अशी, की गड्याने लायसन्स परत करून टाकलं. आपणहून! कुणी मागितलं नव्हतं.

कारण विचारलं. म्हणाला, मुलाच्या गाडीत शेजारी बसलो की माझा पाय आपोआप खाली दाबला जातो, तसा सगळ्याच ड्रायव्हरांचा जातो. पण हल्ली लक्षात आलं, की मुलगा ब्रेक मारतो, गाडी थांबते, आणि मग माझा पाय हलतो. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी लायसन्स देऊन आलो.

मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. मग मी उभा राहून त्याची नक्कल केली. खुर्चीत बसलोय, गाडी थांबली, सगळे उतरून गेले, आणि मग हळूच पाय दाबतोय. सगळं दुकान हसलं. बसवालाही हसला, पण थोडा नंतर. ते मी लोकांना दाखवलं, बघा, हसायलाही उशीर!

साठी बुद्धी नाठी म्हणतात ते अशा लोकांमुळे. एकेक पिकलं पान.


सोमवार, ७ एप्रिल

बँकेतल्या बाई पास! पहिल्या फटक्यात! पेढे... नाही, चॉकलेटं घेऊन आल्या. एक मला दिलं आणि पूर्ण डबा चिरंजीवांना. उलटं झालं घाईत.


शुक्रवार, ११ एप्रिल

एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी. माझ्या गाडीत बसणाऱ्यांत फरक पडलाय. पूर्वी पोरं गप्पा मारायची, मध्येच मोबाईल बघायची, सर आहेत ना ब्रेकला म्हणून निवांत. आता एक शब्द बोलत नाहीत. आरसा बघतात, पुन्हा बघतात, मान वळवून बघतात. काल एका पोराने गाडी सुरू करण्याआधी डोळे मिटून हात जोडले. माझा दरारा.

चिरंजीव प्रत्येकाला माझ्याकडे पाठवण्याआधी दारात उभं करून दोन शब्द सांगतात. काय सांगतात ऐकू येत नाही, पण ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. माझ्याबद्दल चांगलंच सांगत असणार. तोंडावर कौतुक करायचं नाही, ही आमच्या घराण्याची पद्धतच आहे.

क्लासच्या दुसऱ्या गाडीत, सूनबाई शिकवतात तिथे, मात्र हसणं-खिदळणं. त्यांच्याकडे अगदी नवशिके असतात, माझ्याकडे तयार झालेले. तसं वाटून दिलंय चिरंजीवांनी, माझा वेळ वाया जाऊ नये म्हणून. सूनबाई ब्रेक फार लवकर मारतात, उंदीर दिसल्यासारख्या. हे मी त्यांच्यासमोर त्यांच्याच विद्यार्थ्यांना सांगितलं. सूनबाईंनी मान खाली घातली. खरं बोललं की झोंबतं.


बुधवार, १६ एप्रिल

विद्यापीठात दुसरी खेप. नळकांड्यासारख्या मशीनमध्ये आडवं घालून मेंदूचे फोटो काढले, तेच दिवे, तेच बटण. मध्ये एकदा मुलीने माईकवरून काका, काका, जागे आहात ना असं विचारलं. मी विचार करत होतो.

आणि मग तो क्षण! तिने पडद्यावर दोन चित्रं दाखवली. एक त्या च्युइंगगमवाल्याचं, एक माझं. त्याच्या मेंदूत एका बाजूला एवढासा ठिपका उजळलेला. माझ्यात? दोन्ही बाजू! पुढे, मागे, सगळीकडे लखलखाट! मुलगी म्हणाली, एकाच कामाला वयस्कर मेंदू जास्त भाग वापरतो. मी म्हटलं, पुढे काही सांगू नकोस बाळ, समजलं. चित्राची कॉपी मागून घेतली.

घरी येऊन चित्र फ्रिजवर लावलं. सूनबाई बराच वेळ बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, म्हणजे बाबा, तेवढंच काम करायला जास्त ताकद लावावी लागते, असं तर नसेल? कोल्ह्याला द्राक्षं आंबट. मी म्हटलं, तुमचं चित्र काढलं तर नुसता काळोख येईल. चिरंजीव ताटावरून उठले.


बुधवार, ३० एप्रिल

या महिन्यात सहा जण परीक्षेला बसले. सहाच्या सहा पास! अडतीस वर्षांत कधी झालं नव्हतं. लायसन्स ऑफिसमधल्या परीक्षकाने चिरंजीवांना विचारलं म्हणे, काय बदललंत? चिरंजीव काय बोलणार. बदल समोरच बसलेला असतो.

संकल्प: माझ्या पद्धतीवर एक पुस्तिका लिहायची. नाव: निर्भय ड्रायव्हिंग.


सोमवार, १२ मे

घरात कट शिजतोय. छकुलीला गाडी सूनबाई शिकवणार असं ठरवलंय. मला न विचारता. कारण विचारलं तर चिरंजीव म्हणाले, बाबा, ती तुमच्याकडे आली तर तिच्यावर दडपण येईल. सहा जणांवर आलं, सहा पास झाले! म्हणाले, ते वेगळे होते. वेगळे म्हणजे काय, त्यांना आजोबा नव्हते?

उद्यापासून अन्नत्याग.


मंगळवार, १३ मे

अन्नत्याग. सकाळी बिस्किटं खाल्ली, ती अन्नात धरत नाहीत. दुपारी ही झोपली तेव्हा थोडा भात. रात्री कुणी आग्रहच केला नाही. कसली माणसं आहेत.


बुधवार, १४ मे

जिंकलो! छकुली स्वतः खोलीत आली. पलंगावर बसली, लहानपणी बसायची तशी, पाय वर घेऊन. म्हणाली, आजोबा, मी तुमच्याकडेच शिकणार. दारात चिरंजीव उभे होते, तोंड कडू झालेलं. नंतर त्यांनी तिला बाहेर नेऊन दोन शब्द सांगितले. परत आली तेव्हा डोळे लाल. मला मिठी मारली. आनंदाश्रू.

आता कुणी काही म्हणो. पंधरा वर्षांचं वचन पुरं होतंय. आज फार बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.


मंगळवार, २० मे

छकुली अठरा. मी तिला माझे जुने ड्रायव्हिंगचे हातमोजे दिले. तिला मोठे होतात. तरी घालून बसली दिवसभर.


सोमवार, २६ मे

पहिला तास. पोरगी अफाट! क्लच, गिअर, वळण, रिव्हर्स, सगळं लोण्यासारखं. मी काही सांगायच्या आत करते. रक्तात असतं एकेकाच्या. (गाडीत शिरताना सीट आणि आरसा तिच्या मापाला आधीच लावलेले होते. सूनबाई हल्ली तिला घेऊन पहाटे फिरायला जातात, त्याचा याच्याशी संबंध नसावा.)

एकच तक्रार. ब्रेक फार लवकर मारते. आईचं वळण. मला संधीच मिळत नाही.


शुक्रवार, ३० मे

पुन्हा तेच. बेकरीसमोर एक लहान पोर किक-स्कूटर घेऊन फुटपाथवरून खाली उतरलं. मी पाय टाकलाच होता, पण छकुलीने आधीच थांबवली गाडी. पोर गेलं, तिने गिअर टाकला, गाडी पुढे गेली. तेव्हा मला जाणवलं, माझा पाय अजून खालीच होता. पूर्ण दाबलेला. आणि गाडी चालली होती.

ऑइलिंग जास्त झालंय. मिस्त्रीला सांगायला हवं.

छकुलीला झापलं. म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वास नाही. शेजारी मी बसलेला असताना तुला घाई कसली?  उद्या तिची भीती मोडतो.


शनिवार, ३१ मे

लिहायचं नव्हतं. पण सत्य लिहायचं ठरलंय.

शिकवणीच्या मैदानात नेलं. टोकाला विटांची भिंत आहे. म्हटलं, भिंतीकडे गाडी ने. ब्रेकवर पाय ठेवायचा नाही. मी थांबवणार. एकदा कळू दे, की आजोबा आहेत.

म्हणाली, नको ना आजोबा. मी म्हटलं, चल. तिने थोडं नेलं आणि थांबवली. मी ओरडलो. पुन्हा सांगितलं. पुन्हा थांबवली. मग माझा तोल गेला. म्हटलं, आईसारखीच भित्री निघालीस. काढ पाय, मांडी घालून बस हवं तर, पण त्या ब्रेकला शिवू नकोस.

तिने गाडी बंद केली. हँडब्रेक ओढला. हातमोजे काढून डॅशबोर्डवर ठेवले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, आजोबा, तुमचा ब्रेक जोडलेला नाही. मार्चपासून. बाबांनी काढायला लावला. तुम्ही उशिरा दाबता आणि मागून गाड्या ठोकतात म्हणून. तुमच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला बाबा आधी सांगतात, की सरांच्या पायाखाली काही नाही, स्वतःला सांभाळा.

मी तिला गाडी चालू करायला लावली. हळूहळू चालत्या गाडीत पेडल दाबलं. पूर्ण दाबलं. दोन्ही पायांनी दाबलं. गाडी आपली चाललीय.

पोरगी रडत होती आणि चालवत होती. रडतानाही आरसा बघत होती.


रविवार, १ जून

सगळ्यांना माहीत होतं. चिरंजीव, सूनबाई, मिस्त्री. बँकेतल्या बाई. हात जोडणारं पोरगं. हिलाही. तीन महिने रोज संध्याकाळी मी हिला सांगत होतो, आज कुणाला वाचवलं, आणि ही ऐकत होती. वर विचारायची, मग? पुढे काय झालं?

कुत्र्याला मी वाचवलं नाही. बाई कृतज्ञतेने रडल्या नाहीत.

सहाच्या सहा कशामुळे पास झाले तेही चिरंजीवांनी सांगितलं. वाचवणारं कुणी नाही म्हटल्यावर माणूस नीट शिकतो म्हणे.


सोमवार, २ जून

रात्रभर विचार केला. निष्कर्ष: पद्धत तरीही माझीच. माझ्याशिवाय ते घाबरले असते का? पुस्तिकेत एक प्रकरण वाढेल एवढंच.

पण ब्रेक परत जोडून हवा. चिरंजीवांना बजावलं. अडतीस वर्षं चालवलेला क्लास आहे माझा, पाटीवर माझं आडनाव आहे. ते म्हणाले, विद्यापीठाचा निकाल येऊ दे.


मंगळवार, १० जून

निकाल आला! आता बोला म्हणावं. संशोधक मुलीने स्वतः पत्र लिहिलंय. प्रतिक्रियेचा वेग सर्वसाधारण! पत्र सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. छकुलीने पत्र हातात घेऊन पुढची ओळ वाचली. वयोगटाच्या मानाने. आणि त्याखाली, या वयोगटात अचानक समोर आलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायला तरुणांपेक्षा लक्षणीय वेळ लागतो. मी म्हटलं, वयोगटाच्या मानाने म्हणजे काय, मला तरुणांच्या मानाने मोजायला हवं होतं. मग लक्षात आलं आणि विषय बदलला.

चिरंजीव म्हणाले, ठीक आहे. मिस्त्री ब्रेक जोडेल. मैदानात एकदा बघू.


शनिवार, १४ जून, सकाळी

आज दाखवतो. अक्रोड खाल्ले. डाव्या हाताने दात घासले. बेडूक मारले. बोटं शिवशिवतायत. पायाचीसुद्धा.


त्याच दिवशी, दुपारी

चिरंजीव गाडी चालवणार, ब्रेक मारणार नाहीत. सायकलच्या वेगाने. सूनबाईंची गाडी बाजूला उभी. तिच्या मागून छकुली दोरीने ओढून एक रिकामा खोका समोर आणणार. टीव्हीचा खोका. उभा केला तर चार-पाच वर्षांच्या पोराएवढा. मी थांबवायचं. ही छत्री घेऊन उन्हात उभी.

पहिला खोका. सूर्य डोळ्यांवर होता. खोका चाकाखाली.

दुसरा खोका. पाय तयारच होता, पण खोका फारच अचानक आला. चिरंजीव म्हणाले, बाबा, मुलं अशीच येतात. खोका चाकाखाली.

तिसऱ्या वेळी मी ठरवलं, वाट बघायचीच नाही. विद्यापीठात केलं तसं. खोका येण्याच्या आधीच कचकन ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी उभी! मी हिच्याकडे बघून हात उंचावला. समोर काहीच नव्हतं. काही नाही म्हणून पाय उचलला. गाडी निघाली. तेव्हा खोका आला.

तो आवाज अजून कानात आहे. पुठ्ठ्याचाच आवाज.

  ही पुढे आली, चाकाखालून खोका ओढून काढला, हाताने सरळ करत बसली. तो काही सरळ होण्यातला नव्हता. मला वाटलं आता बोलेल, साबणाच्या वडीचा सूड घेईल. म्हणाली, चला, ऊन वाढलं.

मिस्त्री कोपऱ्यात उभा होता, पाना घेऊनच आला होता. म्हणजे त्यालाही माहीत होतं.


सोमवार, १६ जून

पेडल काढलं. मुळासकट. त्या जागी रबरी मॅट टाकलीय. मॅट चांगल्या प्रतीची आहे.

माझ्या विद्यार्थ्यांना आता सूनबाई घेतील. त्यांना एवढंच म्हटलं, ब्रेक लवकर मारता ते तसंच ठेवा. त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. मी पुन्हा म्हटलं नाही.


गुरुवार, १९ जून

छकुली पास. पहिल्या फटक्यात. परीक्षकाने विचारलं कुणी शिकवलं. आजोबांनी, म्हणाली. हे तिने मला सांगितलं. खरं असेलच असं नाही.

पुस्तिकेचं पाहू.


रविवार, २२ जून

छकुलीने सगळ्यांना फिरवून आणलं. चिरंजीव तिच्या शेजारी बसले. मी आणि ही मागे. मागची सीट वाईट नाही, पाय पसरता येतात. हिने विचारलं, नीट बसलात ना. मी म्हटलं, मला काय झालंय?

चहाच्या दुकानासमोर बसवाला रस्ता ओलांडायला मध्येच उतरला, न बघता. छकुलीने ब्रेक मारला. गाडी थांबली. बसवाल्याने आत वाकून बघितलं, मला ओळखलं, हात केला, आणि सावकाश पलीकडे गेला.

मग माझा पाय हलला.